सोडायलाही ताकद लागते

फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये माणसं महिनोन्महिने व्यायामाला येतात. कुणाचा हात उचलला जात नाही, कुणाचा पाय वळत नाही. मग हलतं काय? जीभ! तीसुद्धा स्नायूच, आणि बाकीचे गप्प पडले की सगळ्यांच्या वाट्याचा व्यायाम ती एकटी करते. म्हणून अशा जागी किस्से साचतात, हौदात शेवाळ साचावं तसे. सगळे हसण्यासारखे नाहीत. पण तिथे रडायला बसलं की व्यायाम करून घेणारी तेजल ओरडायची, म्हणून आम्ही हसायचो.

मी चौथी शिकलेली. पुढचं शिक्षण पंचवटीत फुलांच्या गाळ्यावर झालं. फुलं बांधायला रद्दी यायची, आणि त्यात धड पुस्तक निघालं तर ते मी कुणाला फाडू द्यायची नाही. नर्सिंगच्या कुण्या मुलीचं शरीराचं पुस्तक असंच हाती लागलं. स्नायूंचं प्रकरण मी झेंडूच्या ढिगाला टेकून वाचलं, दोनदा वाचलं. कुणी शिकवलं नाही, आणि ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

ते प्रकरण घरात उतरेल असं मात्र वाटलं नव्हतं. आमच्या ह्यांची डावी बाजू लकव्याने गेली. पुढे पाय जरा चालता झाला, तोंड जरा सरळ झालं. डावी मूठ मात्र मिटली ती मिटलीच. उजव्या हातात सुई आणि डाव्या हातात फूल धरून जन्मभर हार ओवलेला माणूस! त्यांना हार नको होता, गाळा नको होता. ती मूठ एकदा, एकदाच, आपणहून उघडावी एवढंच हवं होतं. मी म्हटलं, उघडेल. मी म्हटलेलं व्हायचंच, अशी आमच्या घरात माझी ख्याती होती.

*

आमच्या बॅचचे पाटील म्हणजे सायखेड्याचे भाऊसाहेब. ट्रॅक्टरवरून पडले, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर निघालं आणि भाऊसाहेबांनी हॉल डोक्यावर घेतला. “ह्यो पाय माझा नाय! कोणा पोराचा बसवलाय मला!”

तेजल आमची फिजिओथेरपिस्ट, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिने समजावलं, “काका, पाय तुमचाच आहे. स्नायूतले तंतू मेलेले नाहीत, बारीक झालेत. ज्याला काम नाही त्याला शरीर पोसत नाही.”

भाऊसाहेब विचारात पडले. म्हणाले, “मंग शरीर आमच्या घरापेक्षा शहाणं हाय. आम्ही थोरल्याला अजून पोसतोय!”

दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही मांड्या सारख्या! मला वाटलं, चमत्कार झाला. भाऊसाहेब ऐटीत दांड्यांना धरून चालायला लागले आणि मध्येच पायजम्यातून पिवळा टॉवेल घसरत घोट्यापर्यंत आला. गावातल्या लोकांनी बारीक मांडी बघू नये म्हणून कोंबलेला!

हॉल चिडीचूप. कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले.

“भाऊसाहेब, मांडी पडली!”

*

आमच्या ह्यांना एकदा तेजलने स्नायू आतून कसा असतो ते सांगितलं. सुतळीसारखा. मोठ्या जुडीत छोट्या जुड्या, त्यांत तंतू, तंतूंत आणखी बारीक तंतू. अगदी आतले धागे दोन प्रकारचे, जाड आणि पातळ. स्नायू आखडतो तेव्हा धागा काही आखूड होत नाही. पातळ धागे जाड धाग्यांच्या मध्ये सरकतात, बस्स.

“काका, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून बघा,” ती सवयीने बोलून गेली. मग ह्यांच्या मुठीकडे बघून तिने जीभ चावली.

मी माझा डावा हात पुढे केला. त्यांचा उजवा, माझा डावा. बोटांत बोटं सरकली. बोटांची लांबी तेवढीच, पण हात जवळ आले. भर हॉलमध्ये! ह्या वयात! समोरचे पेशंट भिंतीकडे बघून हसत होते.

“जाड धाग्याला बारीक बारीक हात असतात, काकू,” तेजल सांगत होती. “ते पातळ धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. विहिरीतून दोर ओढतो तसं. आणि गंमत म्हणजे सोडायलाही ताकद लागते.”

“हे मला नको शिकवूस,” मी म्हटलं. “मी दोन लेकी सासरी पाठवल्यात.”

*

तेजलचं आणखी एक वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. “स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही.” म्हणून ते जोडीने असतात. दंडाच्या पुढच्याने ओढलं की कोपर वाकतं, मागच्याने ओढलं की सरळ होतं. एक ओढत असेल तेव्हा दुसऱ्याने सैल पडायचं. आमच्या ह्यांच्या हातात नेमकं हेच बिघडलं होतं. स्नायू धडधाकट, पण ‘आता सोड’ म्हणणारा मेंदूचा निरोप वाटेतच तुटला होता. मूठ मिटवणारे स्नायू ओढतच राहिले.

हे सगळं भाऊसाहेबांची बायको डबा घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. कधी न बोलणारी बाई.

“एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सोडायचं?” तिने नवऱ्याकडे बघितलं. “आमच्यात दोघंबी ओढतो. म्हणून लग्न झाल्यापासून जाग्यावरच हाय!”

*

माझा धाकटा दीर कळवणला असतो. भावाला बघायला आला तो हातात झाकलेली टोपली घेऊन. मला वाटलं डाळिंबं असतील. टोपली घुमायला लागली!

“पारवा हाय, वहिनी. लकव्यावर पारव्याचं गरम रक्त चोळलं का माणूस उठून बसतो. आमच्याकडं लय जण उठले.”

माझं डोकं फिरलं. “अरे शहाण्या, रक्त कातडीवर चोळून आतल्या स्नायूला काय कळणार? आणि स्नायूला झालंय काय? तो चांगलाय! बिघाड मेंदूत आहे, मेंदूत! लावायचंच तर डोक्याला लाव!”

दीर जराही डगमगला नाही.

“डोक्यालाबी लावू की. दोन आणलेत!”

दोन्ही पारवे मी गच्चीवर नेऊन सोडून दिले. दीर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलला असता तरी मी ऐकणार नव्हते. पण खरं सांगते, गच्चीवरून खाली आले तेव्हा हे टोपलीकडे बघत बसले होते. मला म्हणाले, “एकदा... लावून... बघायचं होतं.”

मी टोपली उचलून दाराआड ठेवली. 

*

मग करंटचं मशीन आलं. हातावर दोन पट्ट्या चिकटवायच्या, बटण दाबलं की झिणझिण्या येतात आणि स्नायू ओढला जातो. तेजलने बटण दाबलं. आणि ह्यांचं डावं मधलं बोट टुणकन उठलं!

मी ओरडलेच. भाऊसाहेब कुबडी टाकून आले. “उठलं! काकांचं बोट उठलं!” तेजल पुन्हा दाबे, बोट पुन्हा उठे. सगळे आनंदात. फक्त हे शांत. गाळ्यावर आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघावं तसे बोटाकडे बघत होते.

जड जिभेने म्हणाले, “बटण... कोण दाबतं?”

“मी दाबतेय, काका,” तेजल म्हणाली.

“मग... बोट... तुझं.”

त्या दिवशी कुणी हसलं नाही. भाऊसाहेब खाली पडलेली कुबडी शोधत बराच वेळ वाकून राहिले.

*

ह्यापुढचा किस्सा सांगितला तर लोकांना खोटा वाटतो. वाटू दे.

एका दुपारी उकाड्यात हे बाकावर बसले होते. त्यांना जांभई आली, मोठी, आ वासून. आणि जांभईबरोबर डावा हात आपोआप वर आला, छातीपर्यंत. बोटंसुद्धा सैल झाली, मुठीत लिंबू मावेल एवढी. जांभई संपली, हात खाली, मूठ बंद.

“तेजल!” मी अशी किंचाळले की शेजारच्या दवाखान्यातली माणसं आली.

तिने समजावलं. जांभईचा हुकूम मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून सुटतो, तो रस्ता शाबूत असतो. काही पेशंटमध्ये असं होतं. “पण काकू, हे त्यांनी हलवलेलं नाही. ह्यावर आशा नका ठेवू.”

आशा ठेवू नका! असं सांगून आशा जाते होय? जांभई सांसर्गिक असते हे कुणाला माहीत नाही! दुसऱ्या दिवशी मी बॅचला हुकूम सोडला. ह्यांच्यासमोर अर्धगोल करून सगळे बसलो आणि जांभया द्यायला लागलो. भाऊसाहेबांनी दिली, त्यांच्या बायकोने पदराआड दिली, खांदा आखडलेल्या, बँकेत नोकरीला असलेल्या बाईंनी दिली. मी तर जबडा निखळेपर्यंत दिली. मग खोट्याच्या खऱ्या होऊ लागल्या. सगळा हॉल आ वासून!

एकाच माणसाला आली नाही. आमच्या ह्यांना.

ते एकेकाचं तोंड बघत होते. शेवटी म्हणाले, “दमलात... तुम्ही. घरी जा.”

*

पुढे थंडीत एके सकाळी, चहा घेता घेता, हे गेले. कप खाली ठेवला आणि मान कलली. हृदय हाही स्नायूच, पण तो कुणाच्या हुकमात नसतो. जन्मभर न सांगता चालतो आणि न विचारता थांबतो.

त्यांना खाली घेतलं, चादर घातली. घर भरायला लागलं. आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेला दीर उशाशी बसून हुंदके देत होता. व्यायामाला येत नाहीत हे कळवायचं होतं, म्हणून मी तेजलला फोन केला. एवढंच म्हटलं, “काका आज येत नाहीत.” तिला माझ्या आवाजावरून कळलं असावं. अंगातला पांढरा कोटही न काढता स्कूटीवरून आली.

माणूस गेला की आधी सगळे स्नायू सैल पडतात, ताठरपणा काही वेळाने येतो. हे मला ठाऊक होतं, तेजलला तर होतंच. तिने रोज ताणून ताणून ती बोटं आखडू दिली नव्हती. घरातल्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं.

तेजल त्यांच्या डाव्या अंगाला बसली, रोज बसायची तिथेच. चादरीखालून त्यांचा हात काढून मांडीवर घेतला. रडत नव्हती. रोजच्यासारखं आधी मनगट वाकवलं, मग अंगठा बाहेर घेतला. मग पहिलं बोट. सरळ झालं. दुसरं. सरळ झालं. तिसरं, करंगळी. तिला जोर लावावाच लागला नाही. तळवा पूर्ण उघडा पडला, नखांच्या जुन्या खुणांसकट.

आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती पोरगी बोलून गेली, “शाब्बास, काका!”

बायकांचं रडणं जागच्या जागी थांबलं. दीर लालबुंद होऊन उठला, तिच्या अंगावर ओरडायला त्याने तोंड उघडलं.

“ओरडायचं नाही,” मी म्हटलं. “टाळ्या वाजवा.”