पडद्यावर दिसला तो माझा डोळा

त्या दिवशी हॉस्पिटलात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारीने मनाचं लावलं. मी होते. माझी सून स्मिता होती, तीच आत्ता हे लिहून घेते आहे, कारण मी चौथीपर्यंत शिकले आणि मला एवढं लिहायला जमत नाही. आमच्या मजल्यावरच्या कुसुमताई होत्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरीण बाई होत्या आणि मशीन चालवणारे एक भाऊ होते. माझा मुलगा सतीश माझ्या नातीला, परीला, घेऊन बाहेर बाकड्यावर बसला होता. आणि एक बाई होती. तिचं नाव मला आजपर्यंत कळलेलं नाही.

माझे डोळे मिटायचे. दिसत नव्हतं असं नाही, नजर चांगली होती, मोतीबिंदू काढून झालेला. पण पापण्या आपोआप मिटायच्या आणि इतक्या घट्ट, की बोटांनी ओढून उघडाव्या लागायच्या. आधी वाटलं धूळ असेल. मग थेंब घातले, गुलाबपाणी घातलं, कोणी सांगितलं म्हणून दुधाच्या घड्या ठेवल्या. काही नाही. उन्हात गेलं की मिटले, टीव्हीसमोर बसलं की मिटले. बुधवार पेठेतल्या गणपतीला गेले, तासभर रांगेत उभी राहिले, अगदी समोर पोचले आणि मिटले. मागून माणूस ओरडतोय, "चला आजी, पुढे चला." डोळे उघडले तेव्हा समोर चपलांचा स्टँड. मी देवाला तिथेच बोलले, अरे, मिटायचेच असतील तर एकदाचे मिटव, हा काय पोरखेळ लावलायस?

मालक गेले तेव्हा सतीश शाळेत जायचा. मी नारायण पेठेतून कोथरूडला जाऊन लोकांच्या घरी पोळ्या केल्या, हात भाजले, पाय सुजले, पण कोणापुढे रडले नाही. रडायला वेळच नव्हता. म्हातारपणी मला एकच काम होतं आणि ते आवडीचं होतं. सतीश दुकानात जायचा, स्मिता ऑफिसला, आणि परीला मी सांभाळायची. तेवढ्यासाठी मी सकाळी उठायची म्हटलं तरी चालेल. एक दिवस तिचं बोट धरून रस्ता ओलांडत होते आणि मधोमध डोळे मिटले. रिक्षा करकचून थांबली. रिक्षावाला म्हणाला, "आजी, झोपायचंय तर घरी झोपा." परी खुदकन हसली. मी मात्र घरी येऊन भिंतीला टेकून बसले.

सतीशला मी स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. त्याने डोळ्यांचे डॉक्टर गाठले, त्यांनी मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. काढला. रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. एवढी मोठी काळी फिल्म, तिच्यात माझं डोकं चिरलेल्या फ्लॉवरसारखं दिसत होतं, आणि त्यात म्हणे काही नाही. सतीश म्हणाला, "आई, काही नाहीये. मग उघड की डोळे." जसं काही मी कडी लावून बसले होते आणि विसरले होते.

स्मिता रात्री भांडी आवरताना बोलली. "आई, परीला सांभाळणं होत नसेल तर स्पष्ट सांगा. आम्ही पाळणाघर बघतो. डोळे कशाला मिटायचे?" मी म्हटलं, अगं, काय बोलतेस! तर म्हणाली, "मी पाहिलंय. तिला थोपटून झोपवता ना, तेव्हा तुमचे डोळे टक्क उघडे असतात. रस्त्यात मिटतात, स्वयंपाकात मिटतात, झोपवताना बरे उघडे राहतात?" झोपवताना माझे डोळे उघडे असतात हे मलाच माहीत नव्हतं. हे लिहू का, असं ती आत्ता विचारते आहे. लिही म्हटलं. झालं ते झालं.

एक वेळ ते परवडलं, पण कुसुमताई नको. त्या आमच्या भजनी मंडळाच्या पुढारी. भजन सुरू व्हायच्या आधी, समया लावल्या की उजेडाने माझे डोळे मिटायचे, चेहरा आक्रसायचा. त्यांनी ठरवलं की माईंना, म्हणजे मला, देव दिसतो. मी सांगितलं, अहो, आजार आहे. त्या म्हणाल्या, "असं म्हणायचंच असतं." फिल्म स्वच्छ आल्याचं कळल्यावर तर त्यांना पुरावाच मिळाला. डॉक्टरांना काही सापडत नाही म्हणजे वरचंच आहे. दोन बायका माझ्या पाया पडून गेल्या. एकीने नारळ ठेवला, त्याची चटणी केली आम्ही. म्हणजे बघा, फिल्म एकच. घरात तिच्यावरून मी खोटारडी ठरले आणि शेजारी संत. बिचारी आजारी म्हणून कोणी विचारायला तयार नाही.

सतीशने पाळणाघर पक्कं केलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून परी तिथे जाणार. मी देवघरापुढे बसायची आणि सगळा जोर लावून डोळे उघडे ठेवायचा सराव करायची. कपाळाला रग लागायची. जितका जोर लावावा तितके ते घट्ट. देवाला म्हणायची, उघड, उघड, उघड. तोही कंटाळला असेल.

तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी या मेंदूच्या डॉक्टरीण बाईंकडे पाठवलं. त्यांनी मला समोर बसवलं, गप्पा मारल्या, माझ्याकडे नुसतं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, याला नाव आहे. डिस्टोनिया. शरीराच्या एखाद्याच भागाचे स्नायू स्वतःच्या मनाने आवळतात. कोणाची मान वळते, कोणाचा लिहिता हात वाकडा होतो, तुमच्या पापण्या. असा एकाच भागाचा बहुधा मोठेपणी सुरू होतो. साध्या एमआरआयमध्ये बहुतेकांचं काहीच दिसत नाही." सतीश म्हणाला, मग कळायचं कसं? त्या म्हणाल्या, "बघून." शिवाय म्हणाल्या, आम्ही अशा लोकांचे वेगळ्या तऱ्हेचे फोटो काढतो आहोत, काम करताना मेंदू कसा चालतो त्याचे, याल का? मी म्हटलं येते. मला वाटलं, या फोटोत तरी दिसेल. मला घरी नेऊन दाखवायचा होता तो.

ते शनिवारी होतं. स्मिताला सुट्टी, म्हणून ती आली. कुसुमताई अंगाऱ्याची पुडी घेऊन आल्या. फोटोत ज्योत दिसेल असं त्यांचं म्हणणं. मशीनवाले भाऊ सगळ्यांना विचारायला लागले, अंगावर, अंगात काही धातू आहे का, मशीन ओढून घेतं. मला एकटीने आत जायची भीती वाटत होती. पहिल्या वेळी त्या बोगद्यात जीव गुदमरला होता. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, कोणीतरी आत पायाशी बसा. पण स्मिताच्या पायात गाडीवरून पडल्यापासून सळई. कुसुमताईंच्या छातीत पेसमेकर. सतीशकडे परी, ती त्याला सोडेना. मी मनात म्हटलं, वा रे देवा, आख्खं गाव बरोबर आणून एकटीच आत चालले.

तेव्हा समोरच्या बाकावरून ती बाई उठली. तिच्या माणसाचा नंबर नंतर होता. "मी बसते," म्हणाली. भाऊंनी तिलाही विचारलं, दागिने काढा. तिच्या अंगावर काहीच नव्हतं. कानात नाही, नाकात नाही, हातात बांगडी नाही, साधी हिरव्या काठाची सुती साडी. सगळ्या बायका तिथे पिना काढत बसलेल्या, आणि ही जणू तयार होऊनच आलेली. गरीब असेल, देवाला काही नवस बोललेली असेल, मी काही म्हणत नाही. होतं ते सांगते.

मला आत सरकवलं. डोक्यावर पिंजरा, त्यात एक आरसा, त्याच्याजवळ डोळ्यावर रोखलेला छोटा कॅमेरा. काचेपलीकडे पडद्यावर माझा डोळा दिसतो म्हणे. समोर खूण दिसली की डोळे उघडायचे, दुसरी दिसली की मिटायचे. आता ज्याचे डोळे उघडत नाहीत त्याला खूण कशी दिसावी? मशीन ठणाठणा वाजायला लागलं. माझे डोळे गच्च. मी जोर लावला. भाऊंचा आवाज आला, "आजी, डोळे उघडा." उघडते आहे ना, बाबा! परत, "आजी, उघडा." माझा असा संताप झाला की वाटलं लाथ मारून बाहेर यावं.

त्याच पायाला हात लागला. ती बाई म्हणाली, "अगं, कशाला झगडतेस? सोड." अगं म्हणाली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल. मला अगं म्हणणारं माणूस आता जगात उरलेलं नाही. आणि ती तळव्यावर थोपटायला लागली, हळूहळू, मूल झोपवतात तसं. मी जोर सोडला. नाही तर नाही, काय करायचं ते कर, असं म्हणून सोडूनच दिलं सगळं. थोपटणं चालू होतं, त्याच्याबरोबर सवयीने माझ्या घशातून परीची अंगाई निघायला लागली, शब्द नाहीत, नुसतं हूं हूं. आणि डोळे उघडले. कोणी दार लोटावं तसे. आरशात मला माझे पाय दिसले आणि पायावर तिचा हात दिसला. मी बघत राहिले. किती दिवसांनी एखादी गोष्ट पोटभर बघितली.

काचेपलीकडे काय झालं ते स्मिताने मला नंतर सांगितलं. पडद्यावर ताटाएवढा डोळा होता. पापणी थरथरत होती, उचलायला बघत होती आणि पुन्हा आवळली जात होती, पुन्हा उचलत होती. मशीनवाले भाऊ वैतागून म्हणाले, "आजी, गाऊ नका, फोटो हलतो." डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "गाऊ द्या. फोटो परत काढू." मग त्या स्मिताला म्हणाल्या, "हे बघा, गुणगुणल्यावर उघडला. या आजारात असं होतं. कोणाचा गाण्याने उघडतो, कोणाचा कपाळाला बोट लावल्याने. घरी कधी बघितलंत का?" स्मिता म्हणते, मला परीला झोपवतानाचे तुमचे उघडे डोळे आठवले. कुसुमताईंना ज्योत काही दिसली नाही. त्या म्हणाल्या, "अगं बाई, माईंना किती त्रास होतोय." त्यांनी पुडी पर्समध्ये ठेवली.

मी बाहेर आले तेव्हा ती बाई नव्हती. भाऊ म्हणाले, तिच्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर नेलं, गेली त्याच्याबरोबर. सतीश वर जाऊन बघून आला. सापडली नाही.

फोटोचं विचाराल तर डॉक्टरीण बाईंनी खरं सांगितलं. एकट्या तुमच्या फोटोवर बोट ठेवून मी काही दाखवू शकत नाही आजी, पुष्कळ जणांचे एकत्र बघावे लागतात, तेव्हा कुठे फरक कळतो. म्हणजे घरी न्यायला माझ्या हातात परत काहीच नाही. पण लागलंच नाही. रिक्षात स्मिता नारायण पेठ येईपर्यंत माझा हात धरून बसली होती. घरी आल्यावर तिने पाळणाघरात फोन करून नाही म्हणून सांगितलं.

आता पापण्यांभोवती इंजेक्शन देतात. काही महिने बरे जातात, मग परत मिटायला लागतात, परत इंजेक्शन. बरं होणार नाही, चालत राहणार. परीला घेऊन रस्ता मी ओलांडत नाही, ते स्मिता करते. गणपतीला गेले की गुणगुणत उभी राहते, लोक बघतात, बघू देत. देवाला उघड म्हणायचं मी सोडलं आहे. त्याच्या हातात दिलं तेव्हाच उघडले, एवढं मला कळलं. त्याला माझ्या अंगाईचीच वाट दाखवायची होती, तर आधी सांगता आलं असतं, असंही वाटतं. पण आता तक्रार नाही.

वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. तुमचं माणूस त्या मशीनमध्ये जाईल तेव्हा, डॉक्टर हो म्हणाले तर, अंगावरचं सगळं काढून ठेवा, आत जा आणि त्याच्या पायाला हात लावून बसा.