मास्तरांची मोकाट जीभ
शिंपीकाम करायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बोलणं मोजकं. "हात वर", "श्वास सोडा" आणि "गुरुवारी या" एवढ्या भांडवलावर त्यांनी तीस वर्षं दुकान चालवलं. समोर बायको काज-बटणं करायची आणि दोघांच्या वाटचं तीच बोलायची.

टोस्ट खाताना त्यांच्या खालच्या दाढेचा टवका उडाला. तिथल्या धारेशी जिभेला जो चाळा लागला, तो सुटेना. महिनाभरात जिभेच्या कडेला जखम झाली. औषध लावलं तरी भरत नव्हती. शेवटी बायकोनं दुकानाला कुलूप घातलं आणि त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी दाढ घासून गुळगुळीत केली. "आता टोचण्यासारखं काही नाही. पण जीभ अजून तिकडेच जातेय तुमची. टोक वरच्या दातांच्या मागे टेकवून ठेवायचं. पंधरा दिवसांत जखम भरली नाही, तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"कशासाठी?"

"खात्री करायला," बाई म्हणाल्या. पुढचं विचारायचं मास्तरांना धाडस झालं नाही.

"जीभ आवरा म्हणायची वेळ आली, तीही ह्यांना," जिना उतरताना बायको म्हणाली. "जन्मात कुणाला उलटून बोलले नाहीत." मास्तर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून जीभ दाढेकडे गेली, की ते टेबलाच्या कडेवर खडूची रेघ मारू लागले. दुपारपर्यंत कड पांढरी झाली. लवंग धरून पाहिली, तर जखम चरचरली. च्युइंग गम आणलं, तर नेमकं त्याच बाजूनं चघळू लागले. मशीनवर धड दहा मिनिटं बसवेना. सारखे उठून ट्रायलच्या पडद्याआड जायचे आणि आरशात जीभ बघायचे. एकदा गिऱ्हाइकानं पडदा सारला, तर मास्तर जीभ बाहेर काढून उभे.

"कोट झाला नसेल तर तसं सांगा की मास्तर," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी त्यांनी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. बायकोनं हातातली कात्री काढून घेतली.

"बसा. काय चाललंय डोक्यात?"

"काही नाही."

ती क्षणभर बघत राहिली. "गेली बघा पुन्हा."

"तुला कसं कळतं?"

"गाल हलतो. तुम्ही गप्प झालात, की जाते. बोलताना नाही जात."

"मग काय, बोलतच राहू?"

"राहा. कापताय ते माप तरी बोला."

"छाती अडतीस," मास्तर ओशाळून म्हणाले. "खांदा साडेसतरा." तासाभरात मापं संपली. मग कोण पोट आत ओढून माप देतं, कोण दर वर्षी पँट उसवून घेतं आणि धुण्यात आटली म्हणतं, ते निघालं. बायको हसू लागली. एवढं सगळं ह्यांच्या लक्षात असतं, हे तिला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी कॉलरला इस्त्री करता करता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "वाईट निघालं, तर मला बोलता येईल का गं?"

एरवी तिनं चिमटा काढला असता. ओठावर आलेलं तिनं गिळलं. "मलाही तीच भीती वाटतेय. म्हणून तर दिवसभर तुमच्या गालाकडे बघत बसते."

मास्तरांनी इस्त्री उभी केली. रोज घरून येताना वाट वाकडी करून ते रक्त-लघवी तपासणीच्या केंद्रासमोर थांबायचे, पाटीवरची तपासण्यांची नावं वाचायचे, आत जायचं धैर्य व्हायचं नाही, हे त्यांनी सांगितलं. त्या दुपारी शिवण फारशी झाली नाही.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कापडानं जीभ धरून नीट पाहिली, बोटानं दाबून पाहिली. "भरलीय. डाग फिकट आहे. तुकडा काढायची गरज नाही. तीन महिन्यांनी एकदा दाखवून जा. आणि सवय?"

"दिवसाकाठी पाच-सहादा जाते अजून."

"लक्षात येतं ना? मग परत आणा तिला."

रस्त्यावर आल्यावर मास्तर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, बायकोही टेकली.

"तीन महिने म्हणजे नेमके किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"नव्वद-एक्क्याण्णव."

"बरेच आहेत."

"जातील. उठा आता, ऊन आलं इथं."