रेघेची नाणी आणि गोदाबाईचा डोळा

धायरीत रावसाहेबांचा शब्द चालायचा तो फक्त चिल्लरीच्या बाबतीत. बाकी कशात त्यांना कोणी विचारत नसे, घरात तर नाहीच. मार्केट यार्डात सुटे पैसे पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे ते नाणी मोजायच्या मशिनवर बसायचे. देवळांची, हॉटेलांची चिल्लर ओतायची, मोजून निघाली की पिशव्या बांधायच्या. उमेदीची सगळी वर्षं त्या खडखडाटात गेली.

मध्यंतरी त्यांना दहाच्या नाण्यांवर गोल रेघ दिसायला लागली, कंपासने ओढावी तशी. मोबाइलवर कुणीतरी ओरडून सांगत होतं, टाकसाळीत चुकलेलं नाणं लाखाला जातं. रावसाहेबांनी पारावर छातीठोक सांगून टाकलं, "रेघेचं नाणं गावलं तर खर्चू नका."

त्यांची आत्या गोदाबाई नाक्यावर मेथी-कोथिंबीर विकायची. सुटे पैसे तिला रावसाहेबच आणून देत. डोळ्यांत मोतीबिंदू, पण अंगठ्याच्या नखाने ती रेघ बरोबर हुडकायची नि नाणं डब्यात टाकायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता लांबवलं तर नजर हातची जाईल. शिबिरात फुकट ऑपरेशन ठरलं, तर बाई हटून बसली. "लाख आलं की मोठ्या दवाखान्यात जाईन. एशीच्या खोलीत."

शिबिराच्या आदल्या दिवशी रावसाहेब एक नाणं घेऊन पेठेतल्या श्रीधरपंतांच्या दुकानात गेले. पंत जुन्या नाण्यांचे व्यापारी.

"बसा. नको, उभेच राहा, फार वेळ लागणार नाही." पंतांनी भिंग पुढे केलं. "रेघ अक्षराला कापून गेलीय. कडेला धातू सोललाय. म्हणजे नाणं बाजारात आल्यावर कुठल्यातरी मशिनच्या चाकात घासलंय. टाकसाळीला कशाला बदनाम करता?"

"किती येतील?"

"दहा. दुकानदार भला असेल तर."

रावसाहेब तडक यार्डात आले. मशिनचं झाकण उघडलं. चाकाचं रबर कधीच झिजलं होतं, मालक मात्र 'मोजतंय ना' म्हणून ढकलत होता. त्यांनी एक कोरं नाणं आत सरकवलं आणि चाक हाताने फिरवलं. नाणं रेघ घेऊन बाहेर आलं.

संध्याकाळी ते आत्याच्या दारात बसले. "आत्या, ती रेघ माझ्याच मशिनची हाय. टाकसाळीची न्हाय. उद्या शिबिराच्या गाडीत बस, पाया पडतो."

"काल लाखाची व्हती, आज दहाची झाली? गिऱ्हाईक गावलं वाटतं तुला."

"आईशपथ, आत्या."

"आईला मधी आणू नको. तिला बी वळखत व्हते, तुला बी वळखते."

त्यांनी नाणं तिच्यापुढे धरलं. "हे बघ की, अक्षर कसं कापलंय."

"मला दिसत असतं," गोदाबाई डबा मांडीखाली सारत म्हणाली, "तर शिबिराला जा म्हणाला असतास का?"

रावसाहेबांनी नाणं खिशात टाकलं आणि चपला घातल्या.

सकाळी नाक्यावर शिबिराची गाडी आली. रावसाहेब दोनदा तिच्या दाराशी जाऊन आले, आतून कडी होती. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा गाडीतली बाई म्हणाली, "काका, किती थांबायचं? कुणी बदली आहे का?"

मागच्या आळीतला एक म्हातारा धोतर सावरत पुढे झाला. पायरी उंच होती. रावसाहेबांनीच त्याला हात देऊन वर चढवलं.