उतारावरची निळी रिक्षा

मोहाची फुलं पडायचे दिवस आले की मला एक निळी ई-रिक्षा आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. घरी पाहुणे आले की तेच विचारतात आणि मीही तेच सांगतो. पण एकटा बसलो असलो की डोळ्यांसमोर येते ती जंगलातल्या उतारावर उभी असलेली ही रिक्षा. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे वाचायची आवड लागली, पण हाताने लिहिले ते पंचनामे आणि जबाब. म्हणून जसे घडले तसेच सांगतो. नाव कोणाचेच लिहीत नाही. ती माणसे अजून त्याच स्टँडवर आहेत.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षे होती. गोंडपिपरीकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत धानाचे बांध, मधेमधे जंगल, आणि मुख्य रस्त्यावर एक जीप स्टँड. एसटी मोजक्या वेळा यायची, बाकी सगळी वाहतूक काळ्या-पिवळ्या जीपांवर चालायची. डिझेल तेव्हा सारखे महाग होत होते. जीपवाल्यांनी आधी भाडे वाढवले. मग गाडी गच्च भरल्याशिवाय हलायचे नाही असे ठरवले. मग काहींनी गाड्या भंगारात दिल्या. धानाच्या गिरणीवाल्यानेही डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवली. अशा दिवसांत बचत गटाच्या एका बाईने ई-रिक्षा आणली.

ही बाई स्टँडवरच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरची सून. त्याला सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. स्टँडवरच्या बहुतेक पोरांना गाडी भाऊंनीच शिकवलेली. त्यांचा मुलगा तेलंगणात कामाला होता, घरी सासू-सासरे आणि सून. रिक्षा आली तेव्हा भाऊंनीच तिच्यापुढे नारळ फोडला होता.

निळी रिक्षा जवळच्या टोल्यांमधून, म्हणजे वाड्या-वस्त्यांमधून, फिरू लागली. भाडे जीपपेक्षा बरेच कमी, आणि दोन बाया बसल्या तरी ती निघायची. हळूहळू स्टँडवर कोणी उतरले की आधी तिलाच शोधू लागले.

गस्तीवर असताना मी तिथल्या टपरीवर चहाला थांबत असे. गणवेशातला माणूस पाहून लोक थोडे जपून बोलतात, पण जीपवाले जपून बोलणाऱ्यांतले नव्हते.

"भाऊ, चार्जिंगचं मीटर तुमच्या घरचं अन् पाशिंजर आमचे! बरं चालून राह्यलं तुमचं."

"भाऊले का फरक पडते? याच्या गाडीत बसले तरी पैसा घरात, तिच्या गाडीत बसले तरी घरात."

सगळ्यात मोठे तोंड एका मिशीवाल्या ड्रायव्हरचे. "आवाज नाई, धूर नाई, हे का गाडी हाय? पाळणा हाय पाळणा! एक दिवस नाल्यात टाकतो, मंग पाहू कोण बसते तं."

हे टपरीवरच्या सगळ्यांनी ऐकले. भाऊ हसले आणि चहा पीत राहिले.

त्यानंतरच्याच बाजाराच्या दिवशी सकाळी सून ठाण्यात आली. डोक्यावर पदर, हाताला अजून मोहाचा चिकटपणा.

"साहेब, गाडी गेली."

"कुठून?"

"अंगणातून. चार्जिंगले लावली होती. मी पहाटे मोहा वेचाले गेली. येऊन पाह्यलं तं वायर पडून, गाडी नाई."

"चावी?"

"चावी गाडीलेच राहते. गावात कोण नेते?"

"कोणी आवाज ऐकला?"

"बॅटरीची गाडी, साहेब. आवाज कायचा येते?"

तिचे खरे होते. जीप नेली असती तर सगळा टोला जागा झाला असता. मी तक्रार लिहून घेत होतो तेव्हा ती म्हणाली, "गटातल्या बायांनी भरोसा करून माह्या हातात देली. सगळे म्हणत होते, बाईले गाडी कायले देता? आता गाडी नाई सापडली तं दुसऱ्या कोण्या बाईले कोणी देईन काय?"

तिला कोणी आणले ते विचारले. "मामाजींनी. ते बाहेर हायत." मी खिडकीतून पाहिले. भाऊ जीपमध्येच बसून होते आणि इंजिन चालू होते. डिझेलचा थेंब वाया जाऊ नये म्हणून उतारावर गाडी बंद करून सोडणारा तो माणूस. मी बाहेर गेलो तर म्हणाले, "साहेब, बाजार हाय, पाशिंजर खोळंबले," आणि निघूनही गेले.

गुन्हा नोंदवला, नाक्यांना कळवले. बॅटऱ्या काढून विकायला चोर रिक्षा नेतात, म्हणून भंगारवाल्यांकडे माणसे पाठवली. मिशीवाल्याला चौकशीला बोलावून घेतले आणि त्याची जीप ठाण्याच्या आवारात लावायला सांगितली. बाजाराचा दिवस त्याचा बुडाला. संध्याकाळी त्याला घरी सोडले, जीप ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी खबर आली. जंगलातल्या एका टोल्यावरचे म्हातारेबाबा मोहा वेचून परस्पर ठाण्यात आले.

"साहेब, तुमची मुकी गाडी नाल्याच्या वर उभी हाय."

"कोणती मुकी गाडी, बाबा?"

"ते निळी. वाघाची वाट हाय तिकडं, म्हणून मी जवळ नाई गेलो. दोन हाका मारल्या, कोणी बोललं नाई."

हवालदार हसला. "गाडीले हाक मारली?"

"मंग वाघाले मारू काय?"

पंच आणि सुनेला घेऊन आम्ही तिकडे गेलो. रस्ता सोडून जंगलात उतरणारी जुनी गाडीवाट होती, पुढे नाल्याचा कडा. रिक्षा कड्याकडे तोंड करून उभी होती. बॅटऱ्या जागेवर, काच शाबूत, कुठे ओरखडा नाही. तिन्ही चाकांपुढे दगड लावलेले. नुसते टाकलेले नव्हते, चाकाला नीट टेकवून बसवलेले होते.

पंचनामा झाल्यावर सून रिक्षात बसली, चावी फिरवली आणि मूठ पिळली. रिक्षा मागे गेली. मागे उभा असलेला पंच ओरडत बाजूला उडाला.

"रिव्हर्सवर कोणी ठेवली?" ती चिडून म्हणाली.

मी सरकारी जीप बरीच वर्षे चालवली आहे. डिझेल गाडी उतारावर तोंड करून लावायची तर आपण रिव्हर्स गिअर टाकतो, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते. वर चाकाला दगड. इकडचे सगळे ड्रायव्हर तसेच करतात. पण ई-रिक्षाला गिअर नसतो. पुढे-मागे जायचे ते फक्त बटण, बंद गाडीला ते धरून ठेवत नाही. म्हणजे रिक्षा नेणारा जन्मभर डिझेल गाडी चालवलेला होता आणि हाताच्या सवयीने त्याने बटण मागे टाकले होते. मी मनात खूश झालो. डिझेलचा ड्रायव्हर, आणि टपरीवर सगळ्यांसमोर धमकी दिलेला. मिशीवाल्याला पुन्हा बोलावले.

"तिच्यावर जळतोस का?" मी सरळ विचारले.

"जळतो ना, साहेब. खोटं काऊन बोलू? माह्या गाडीत बसलेली म्हातारी पिशवी घेऊन उतरली अन् तिच्या गाडीत जाऊन बसली. मले दोन दिवस जेवण गोड नाई लागलं."

"म्हणून गाडी नेलीस."

"नेली असती तं दगड काऊन लावले असते? पंचानं सांगतलं मले सगळं."

मी पंचनाम्याचा कागद पुन्हा उघडला.

"मी तं सांगूनच ठेवलं होतं, नाल्यात टाकतो म्हणून. उतार होता, नाला होता, नुसता हात लावा लागत होता. ज्यानं दगड लावले त्याले तिची गाडी खराब नाई होऊ द्याची होती. असा आमच्यात कोण हाय? आमी तं सगळेच..."

तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर खाली गेली. त्याच्याही डोक्यात ते त्याच क्षणी आले असावे.

"कोण?" मी विचारले.

"आता पुढचं मले नोका विचारू, साहेब. ज्यानं स्टेअरिंग धराले शिकवलं, त्याचं नाव माह्या तोंडून नाई निघणार."

त्या संध्याकाळी मला माझा मोठा भाऊ आठवला. मी शिकावे म्हणून त्याने शाळा सोडून बैल धरले होते. मी फौजदार झालो तेव्हा तो माझ्याशी कित्येक महिने धड बोलला नाही. मी घरी गेलो की तो उठून बांधावर जायचा. पण सकाळी परत निघताना माझे बूट पॉलिश करून ओट्यावर ठेवलेले असायचे. घरात दुसरे कोणी बुटांना हात लावणारे नव्हते. आम्ही दोघे त्यावर कधी बोललो नाही. त्या दगडांवरून मला ते बूट का आठवले हे मला तेव्हा नीट सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी सून आणि भाऊ दोघांनाही बोलावले. रिक्षा आवारात उभी होती. मी म्हणालो, "भाऊ, ही जरा तिकडे कडुलिंबाखाली लावता का? उन्हात आहे."

"मी लावते ना," सून पुढे झाली.

"राहू द्या. भाऊंना लावू द्या."

कडुलिंबाकडची जागा उताराची आहे. भाऊंनी रिक्षा नेली, थांबवली, चावी काढली. मग त्यांचा अंगठा बटणावर गेला आणि बटण मागे पडले. खाली उतरून त्यांनी इकडेतिकडे न पाहता पायाने एक दगड ओढला आणि पुढच्या चाकाला टेकवला. वाकून तो बसला की नाही तेही पाहिले.

त्यांनी वर बघितले तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होतो. सूनही बघत होती.

ते तिथेच कडुलिंबाच्या पारावर बसले. मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

"त्या मिशीवाल्याची जीप सोडा, साहेब. मले ठाण्यात बसवा."

"का नेली, भाऊ?"

"एक बाजार पायजे होता." ते जमिनीकडे बघून बोलत होते. "पयलेसारखा. गाडी भरून. रोज पाहून राह्यलो, माह्या समोरून लोकं जाते अन् तिच्या गाडीत बसते. मी आवाज देतो तं म्हणते, भाऊ, तुमचं भाडं परवडत नाई. डिझेल का माह्या घरी निघते? दुसऱ्या रात्री परत आणून ठेवणार होतो. देवाशपथ."

"मग भरली का गाडी त्या दिवशी?"

"भरली. टपावर बी बसले." ते थोडे हसले आणि दुपट्ट्याने तोंड पुसले. "जो चढे तो विचारे, भाऊ, आज सून कुठी हाय? तब्येत बरी नाई काय तिची? बाजारापर्यंत तेच. मले पोचल्यावर असं झालं का गाडी तिथंच सोडून पैदल घरी जावं."

सून पदर धरून उभी होती. तिकडे सुना सासऱ्याशी चारचौघांत समोरासमोर बोलत नाहीत. मीही तिला तसे बोलताना कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी ती बोलली.

"मामाजी, रिव्हर्सवर ठेवून ते थांबत नाई. खालची ब्रेकाची दांडी ओढा लागते." मग जरा वेळाने, "मले सांगतलं असतं तं मी त्या बाजाराले घरी राह्यली असती."

भाऊंनी मान वर केली.

"पण आता नाई राहणार," ती म्हणाली.

गुन्हा नोंदवलेला होता, तो फाडून टाकणे माझ्या हातात नव्हते आणि नसावेच. कागद कोर्टात गेले. तिथे तिने माझी तक्रार राहिली नाही असे सांगितले आणि कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटले. मिशीवाल्याची जीप मी त्याच दिवशी सोडली. तो जाताना भाऊंजवळ थांबला, काही तरी बोलेल असे वाटले, पण नुसते पाया पडून गेला. भाऊ त्यानंतर बरेच दिवस स्टँडवर आले नाहीत.

या केसने मला काय शिकवले ते नेमके सांगता येईल का, मला शंका आहे. पोलिसाला हेवा सापडला की हेतू सापडला असे वाटते आणि तो शोधायचे थांबतो. मीही थांबलो होतो. मिशीवाल्याचा हेवा रोज टपरीवर बोलून मोकळा व्हायचा. भाऊंना तो घरी घेऊन जावा लागे, आणि घरी वाढायला सूनच असे. ज्याचा हेवा वाटतो त्याचे वाईट व्हावे असेच माणसाला वाटते, हे मी नोकरीभर धरून चाललो होतो. ते दर वेळी खरे नसते. आणि डिझेल वाढले की भाडे वाढते एवढे पेपरात येते. स्टँडवर लोक कोणाला हाक मारतात तेही बदलते, ते कुठे येत नाही.

निवृत्तीनंतर एकदा बाजाराच्या दिवशी त्या स्टँडवर उतरलो. भाऊंची जीप उभी होती. आता ती फक्त बाजारालाच निघते, असे टपरीवाला म्हणाला, आणि ती भरेपर्यंत सून आपली रिक्षा स्टँडवर आणत नाही. तसे कोणी ठरवलेले नाही. मी भाऊंशेजारी बाकावर बसलो. चहा झाला. मग धीर करून विचारले, "आता बरं वाटते का, भाऊ?"

"नाई," ते लगेच म्हणाले. "जलन तं होतेच, साहेब. पण आता तिले मालूम हाय."

तेवढ्यात जीप भरली आणि थोड्याच वेळात निळी रिक्षा वळणावरून आली, बायांनी आणि पिशव्यांनी भरलेली. भाऊंचे तोंड वाकडे झाले.

"पाहा. सहा बसवले. चारच पाशिंजर पास हाय तिले. पोलीस का करून राह्यले?"

"मी रिटायर झालो, भाऊ."

ते कुरकुरतच उठले. सुनेने रिक्षा टपरीच्या बाजूला उतारावर लावली आणि ब्रेकची दांडी ओढली. भाऊ तिच्याकडे न बघता पुढे गेले, पायाने दगड सरकवला, चाकाला टेकवला, वाकून पाहिले. मग जीपमध्ये चढून त्यांनी इंजिन सुरू केले.