कृष्णवेणीच्या कोलूतली पेशी

नवरात्रात आमच्या कुंभकोणम्‌च्या मराठी बायका पायऱ्या रचून बाहुल्यांचा कोलू मांडतात. कुणी दशावतार मांडतं, कुणी लग्नाची वरात. यंदा कृष्णवेणीनं माणसाच्या शरीरातली पेशी मांडली. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बायको असली की नवऱ्याचे हाल विचारू नका. तिनं मला एरंडाची काटेरी बोंडं आणायला साक्कोट्टैला पिटाळलं. ते म्हणे एचआयव्हीचे विषाणू!

तिचा हट्ट खरा होता सौंदर्यासाठी. सौंदर्या दारासुरम्‌च्या विणकर घरातली, तिची जिवाची मैत्रीण. तिला एचआयव्ही आहे, हे गेल्या वर्षी कुणीतरी पसरवलं. मग तिनं वाटलेलं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, कुणी खाल्लंच नाही. शेजारच्या वसंतामामी एरवी प्रत्येकीच्या सुंडलाला नावं ठेवतात. त्या दिवशी एक अक्षर न बोलता त्यांनी ते तुळशीच्या कुंडीमागे सारलं. तेव्हापासून सौंदर्यानं आमची पायरी चढणं सोडलं होतं.

"यंदा तीच वाटणार, अन् असके, एकूण एक, खाणार," कृष्णवेणीनं जाहीर केलं. मला धडकीच भरली.

संध्याकाळी बायका जमल्या. सौंदर्याही आली, पण भिंतीला टेकून मागेच राहिली. कृष्णवेणी रंगात आली होती.

"हा चेट्टियार," तिनं ढेरपोट्या वाण्याची बाहुली दाखवली. त्याच्यापुढची टोपली रिकामी होती. "पेशीतलं हे एक प्रथिन. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला जो माल लागतो, तोच हा कमी करून ठेवतो. अन् हा दारावरचा राखणदार. बाहेर पडणाऱ्या विषाणूला दोरीनं धरून ठेवतो."

राखणदाराच्या हातातल्या रेशमी धाग्याला बोंडं लटकत होती. ती मी बांधली होती. नेमकी तेव्हाच माझी गाठ सुटली आणि बोंडं घरंगळत वसंतामामींच्या पायांशी गेली. मामी किंचाळून पाटावर चढल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कृष्णवेणी मात्र टाळी वाजवून हसली. "अगदी असंच होतं! विषाणू मोठा लबाड. राखणदाराला हटवायचं हत्यार तो सोबतच आणतो. म्हणून तर रोज गोळ्या घ्याव्या लागतात."

सौंदर्या पुढे आली. मागावरचा तुटलेला धागा सांधतात तशी तिनं झटकन गाठ मारली. मग तमिळमध्ये म्हणाली, "मी गोळी कधी चुकवत नाही. आता तपासणीत विषाणू दिसतसुद्धा नाही."

"अन् उसळीतनं तो कुणाला होतच नाही," कृष्णवेणी म्हणाली.

सौंदर्यानं पातेलं उचललं. कुणी जागचं हलेना. वसंतामामी पाटावरून उतरल्या. त्यांनी धागा ओढून पाहिला. गाठ पक्की होती.

"मुकुंदरावांपेक्षा बरी बांधतीस," म्हणत त्यांनी ओंजळ पुढे केली. घास तोंडात टाकला, सावकाश चावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय ग सौंदर्या, मीठ घालायला विसरलीस? मिळमिळीत लागतंय. घालून आण, मग आणखी वाढ."

सौंदर्या हसत, डोळे पुसत आमच्या स्वयंपाकघरात मीठ आणायला पळाली. मलाही इतकं भरून आलं, की बायकांच्या रांगेत मीही ओंजळ धरून उभा राहिलो.