एक जानेवारीने जिंकवलेला संघ

रविवार, २२ मार्च २०१५. एश्बॉर्नमधल्या लेकीच्या स्वयंपाकघरात मी क्वार्क फडक्यात बांधून नळाला टांगत होते. जर्मनीत चक्क्याचं काम क्वार्कवर भागतं. त्या सकाळचं प्रकरण मी अजून विसरलेले नाही, कारण माझ्या पोलीस खात्यातल्या नोकरीचा एक ठाम नियम त्यात मोडीत निघाला. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी नुकतीच लेकीकडे आले होते. नावं सांगत नाही. माणसं अजून एकाच इमारतीत राहतात.

खबर मिळाली ती डब्यातून. खालच्या मजल्यावर सांगलीकडचा एक तरुण इंजिनिअर बायकोसह राहायचा. जावयांच्याच ऑफिसात नवा लागलेला. आदल्या दिवशी पाडव्याच्या पुरणपोळ्या मी त्यांच्याकडे पाठवल्या होत्या. सकाळी डबा दाराबाहेर सापडला. घासून लख्ख, आणि रिकामा. आत चिमूटभर साखरसुद्धा नाही. मराठी घरातून डबा असा परत येतो तेव्हा समजावं की मामला गंभीर आहे.

"जावईबापू, खाली काय झालंय?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणणाऱ्यांचे जबाब घेण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. बोला."

मग बोलले. त्यांच्या ऑफिसात एक अमेरिकन साहेब होता. अमेरिकेतल्या कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा दर मार्चमध्ये होते. हरला तो संघ बाहेर. कोण कोणाला हरवणार हे स्पर्धेआधी तक्त्यात भरून द्यायचं आणि तक्ते ऑफिसच्या स्वयंपाकघरात चिकटवायचे, ही साहेबाची हौस. जिंकणाऱ्याचा फोटो कॉफी मशीनवर वर्षभर लागायचा. एवढ्यासाठी शिकलीसवरलेली माणसं झोप घालवत होती. जावयांनी सगळ्या संघांची आकडेवारी उतरवून गणित बसवलं होतं. ज्याचा आकडा मोठा, तो पुढे.

"आणि शुक्रवारी बघतो तर या खालच्याचा तक्ता माझ्या तक्त्यासारखाच! विजेतासुद्धा तोच. आई, तो संघ कुणी स्वप्नातही निवडणार नाही. पहिल्याच सामन्यात आपटला."

"मग तुम्ही कसा निवडलात?"

"माझं मॉडेल वेगळं बघतं."

"दिसतंय."

"हरला तरी चोरी ती चोरीच. त्याने माझ्या लॅपटॉपवरून फाइल घेतली. त्याला तोंडावर सांगितलंय, उद्या सकाळी साहेबाच्या कानावर घालणार."

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. परीक्षा केंद्रांवर बंदोबस्ताला असताना मी कॉपीची कितीतरी प्रकरणं धरली होती. माझा नियम होता : बरोबर उत्तरं जुळली तर अभ्यास, चुकीची जुळली तर कॉपी. पण आरोपीचा जबाब घेतल्याशिवाय मी कधी आरोपपत्र पाठवलं नव्हतं. दोन पक्षांना एका खोलीत बसवायचं नाही, हाही नियमच. जावयांच्या पुढ्यात पातेलं ठेवलं.

"क्वार्क निथळलं की साखर घालून घोटा. मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही."

खाली गेले. बायकोने दार उघडलं, "या" म्हणाली, पण पाणी विचारलं नाही. तो सोफ्यावर बसला होता, दाढीसुद्धा केली नव्हती.

"काकू, देवाशपथ फाइल घेतली नाही. माझा प्रोबेत्साइट चालू आहे. या प्रोबेशनच्या महिन्यांत असं काही साहेबाच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल, मग व्हिसा. हिने आत्ताच जर्मनचा क्लास लावलाय."

"शपथ नको. तक्ता कसा केलास?"

"आकडेवारी घेतली आणि ज्याचा आकडा मोठा…"

"सांगू नकोस. माझ्यासमोर पहिल्यापासून कर."

खोटं बोलणारा माणूस प्रात्यक्षिक म्हटलं की कारणं काढतो. याने मुकाट लॅपटॉप उघडला. अमेरिकन वेबसाइटवरून आकडे उचलले, एक्सेलमध्ये टाकले, मोठ्यापासून छोट्याकडे लावले. सगळ्यात वर तोच आपटलेला संघ आला. घोटाळ्याची जागा इथेच होती. मी चष्मा लावला. खाली सगळे हजार-अकराशेचे आकडे, आणि वर तारीख.

"हा एक जानेवारी इथे काय करतोय?"

त्याने वाकून पाहिलं. मग वेबसाइट पाहिली. मग डोकं धरलं.

"काकू, हा एक पॉइंट एक आहे! लॅपटॉप ऑफिसचा, सेटिंग जर्मन. इथे दशांशाला कॉमा लागतो. टिंब दिलं की हा हजार समजतो, नाहीतर तारीख. एक पॉइंट शून्य नऊ आठचे झाले एक हजार अठ्ठ्याण्णव. आणि एक पॉइंट एकचा झाला एक जानेवारी! तारीख एक्सेलच्या पोटात १९०० पासूनच्या दिवसांचा आकडा म्हणून असते, बेचाळीस हजारांच्या वर. मग तोच जिंकणार ना!"

बायको हसली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी ते तपासातली प्रगती म्हणून नोंदवलं.

लॅपटॉपसह त्याला वर नेलं. जावई इमानाने घोटत होते.

"तुमचा मूळ आकड्यांचा रकाना दाखवा."

"तो मी लपवून ठेवलाय, आई. अंतिम निकालाला लागत नाही."

"लपवलेलं आधी बघायचं असतं. उघडा."

त्यांनी उघडला. सगळ्यात वर एक जानेवारी. त्यांचाही लॅपटॉप ऑफिसचाच, जर्मन सेटिंगचा.

"दादा," तो म्हणाला, "तुमचं मॉडेल आणि माझं मॉडेल जुळे भाऊ निघाले."

लेकीने तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली आणि आतल्या खोलीत गेली. जावयांना माफी मागता आली नाही. "साखर कमी आहे का बघा," असं म्हणून त्यांनी पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. त्याने चाखलं नाही, तसाच खाली गेला.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. चुकाही प्रामाणिकपणे जुळू शकतात, दोघांना हत्यार एकाच दुकानातून मिळालं असेल तर. तो नियम मी आता सांगत नाही. परीक्षा केंद्रावर धरलेल्यांत असा कुणी होता का, हे तपासायची सोय उरलेली नाही.

सोमवारी सकाळी मी तोच डबा श्रीखंडाने भरला आणि जावयांच्या हातात दिला.

"हा तुम्ही द्यायचा. लेक नाही, मी नाही."

एस-बानच्या स्टेशनपर्यंत मी बरोबर गेले. मुद्देमाल पोचल्याशिवाय मी परत फिरत नाही. तो फलाटावर उभा होता. जावयांनी डबा पुढे केला, घसा खाकरला आणि म्हणाले, "साहेबाला सांगायचंच आहे. चूक दोघांची होती, पण बोंब मी एकट्याने मारली."

त्याने डबा उघडला, बोट बुडवून चाखलं.

"साखर टिंबाने मोजलीत की कॉमाने?"

गाडी आली. दोघं एकाच दारातून चढले. मी घरी आले आणि फडकं धुवायला घेतलं.