कोचसाठी टाकलेला शब्द

कुंपणापलीकडचा माणूस फुटबॉलचा कोच आहे हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळलं. हात पाठीमागं, पाय फाकलेले, आणि नजर स्वतःच्या रिकाम्या हिरवळीवर, जशी काय तिथं बावीस माणसं पळतायत. मी कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीच्या टीमला अकरा वर्षं शिकवलंय. त्याआधी बॅकला खेळलोय, पहिली काही वर्षं तर अनवाणी. असलं उभं राहणं मला ओळखू येणार नाही तर कुणाला येणार?

करोनाचं ते पहिलं वर्ष. मी तीन महिन्यांसाठी डचांच्या देशात, न्यूनेन गावी मुलाकडं आलो होतो आणि महिन्याभरात विमानं बंद पडली. मुलगा वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, सूनबाई खाली जेवणाच्या टेबलावर. ती लग्नानंतर त्याच्या व्हिसावर आलेली. दोन वर्षं घरात बसून कंटाळली, मग डच शिकून एका ऑफिसात लागली. दिवसातून दहा वेळा म्हणायची, "बाबा, माझा कॉल आहे, जरा बाहेर बसता का?" मग मी बागेत. राग नाही, माझा आवाज मोठा. फौंड्रीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज लहान कसा असणार?

कुंपण झुडपांचं, कमरेएवढं, नीट छाटलेलं. दीड मीटरचा नियम त्यानंच पाळला. पहिले काही दिवस नुसत्या माना हलवल्या. मग एकदा बागेत पडलेला चेंडू मी डाव्या पायानं उचलून गुडघ्यावर घेतला. चार वेळा उडवला, पाचव्यांदा कंबर धरली. पलीकडून टाळी आली. तो इंग्रजीत काहीतरी बोलला. मी सूनबाईला हाक मारली. तिची जेवणाची सुट्टी होती, हातात पोळीची गुंडाळी घेऊनच ती आली.

"ते विचारतायत, तुम्ही कुठे खेळायचात?"

"सांग, बॅकला. आणि माझ्या बाजूनं कधी गोल झाला नाही."

"एकही नाही, बाबा?"

"तू सांग तेवढं."

तिनं सांगितलं. तो हसला. "ते म्हणतायत, सगळे बॅक असंच सांगतात. तेही बॅकच होते."

तेव्हापासून सूनबाईची अर्धी सुट्टी आमची झाली. रोज थोडं थोडं करत त्याचा सगळा जन्म माझ्याकडं आला. सतराव्या वर्षी मोठ्या शहरातल्या क्लबनं उचललं, चार वर्षं बाकावर बसवलं. मग खालच्या डिव्हिजनमध्ये आठ वर्षं खेळला, गुडघा गेला. बूट काढले आणि शिट्टी गळ्यात घातली. कोच म्हणून इकडं दोन वर्षं, तिकडं दीड. एका क्लबानं दिवाळीच्या सुमारास फोनवर काढलं, दुसऱ्यानं वर्तमानपत्रात. एक वर्ष वाळवंटातल्या देशात, तिथं टीम मालकाचा मेहुणा ठरवायचा.

"सांग त्याला, तसले मेहुणे आमच्याकडंबी आहेत," मी म्हटलं.

शेवटी मोठे क्लब विचारेनात. मग दिवसा शाळेची गाडी चालवायची आणि संध्याकाळी आसपासच्या गावांतल्या हौशी टीम शिकवायच्या, असं त्याचं चाललं होतं. बायको गेलेली, मुलगी लायडनला. इतक्या वर्षांत त्याची एकही टीम लीग जिंकली नव्हती. एकही. हे सांगताना त्यानं कुणाकडं बोट दाखवलं नाही, खांदे उडवले नाहीत. सांगितलं आणि बादली उचलून आत गेला.

त्या वर्षी मात्र त्याची टीम पहिल्या नंबरावर होती. सहा सामने उरलेले. मार्चात सगळं थांबलं, आणि महिनाअखेरीस वरून निरोप आला की हंगाम रद्द. कुणी विजेता नाही, कुणी वर चढणार नाही. नुसता थांबवला असता तर माणूस म्हणतो, थांबला. हा पुसूनच टाकला.

त्यात आणखी एक गुंता होता. हिवाळ्यातच त्यानं सांगून टाकलं होतं की हे माझं शेवटचं वर्ष. क्लबानं एक तरुण कोच ठरवलाही होता. पण तो तरुण इस्पितळात कामाला. मे महिन्यात त्यानं कळवलं, यंदा मला जमणार नाही. म्हणजे जागा मोकळी. आणि आमच्या कोचला ती हवी होती. फक्त एक वर्ष. तीच पोरं, तोच हंगाम, पहिल्यापासून. जूनमधल्या एका मंगळवारी कमिटी बसणार होती.

"विचार त्याला, मागणार का?"

"म्हणतायत, मागणार. पण कसं बोलायचं ते जुळवतायत."

तो मागेल यावर माझा विश्वास बसला नाही. मी स्वतःवरून ओळखलं.

मला पेठेनं काढलं तेव्हा कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी मैदानावर गेलो तर दुसराच माणूस पोरांना पळवत होता. मी वळलो आणि घरी आलो. तालमीत जाऊन विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं? पण मी वाट बघितली, की कुणीतरी वडीलधारा तालमीत जाऊन माझ्यासाठी शब्द टाकेल. आमच्याकडं रीतच ती. माणूस स्वतःसाठी मागत नाही, त्याच्यासाठी दुसरा बोलतो. मागणाऱ्याची मान वर राहते आणि देणाऱ्याची पण. कुणी बोललं नाही. नऊ वर्षं मी सामन्याच्या दिवशी त्या रस्त्यानं गेलो नाही. बाजाराला जायचं तर लांबून वळसा. बायको म्हणायची, "तुमच्या हट्टानं माझे पाय झिजले."

तर मी ठरवलं, या माणसासाठी शब्द आपण टाकायचा.

मोठ्यांचा सराव तेव्हा अंतर ठेवून सुरू झाला होता. बघ्यांना आत सोडत नव्हते. फाटकावर क्लबाचा अध्यक्ष स्वतः हात धुवायची बाटली घेऊन उभा असायचा. एका शनिवारी मी सूनबाईला फिरायला म्हणून बाहेर काढलं आणि मैदानाच्या रस्त्याला लावलं. त्या दिवशी कोच लायडनला मुलीकडं गेला होता. फाटक दिसल्यावर तिच्या लक्षात आलं.

"बाबा, इथे असं चालत नाही हां. आधी त्यांना तरी विचारा."

"ज्याच्यासाठी बोलायचं त्यालाच विचारलं, तर मग मी काय केलं?"

"मी नाही बोलणार."

"नको बोलू. मी हातवारे करून बोलतो. लोक बघतील, सासरा वेडा आहे म्हणतील."

ती बोलली. कपाळाला आठ्या घालून, पण बोलली. मी म्हटलं, हा माणूस तुम्हाला दुसरा मिळायचा नाही, त्याला एक वर्ष द्या, माझा शब्द आहे. अध्यक्षानं मला खालपासून वर न्याहाळलं. मग एकच प्रश्न विचारला.

"म्हणतायत, त्यांनी तुम्हाला पाठवलंय का?"

"त्यानं कशाला पाठवायला पाहिजे? मला दिसतंय की."

अध्यक्ष म्हणाला, ठीक आहे, मी त्याच्याशीच बोलतो. माझी छाती दोन इंच फुगली. मला वाटलं, शब्द पडला. घरी येऊन मी सूनबाईला शिरा करायला लावला. मुलगा वरून उतरला, म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, खा गप.

रविवारी सकाळी कोच कुंपणाशी आला आणि त्यानं मला नाही, सूनबाईला हाक मारली. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळू बोलत होता, शाळेत धडा सांगतात तसा, आणि मधेमधे थांबत होता, तिला मराठी करायला वेळ मिळावा म्हणून. त्या रागातसुद्धा त्यानं तेवढं भान ठेवलं.

"ते म्हणतायत, काल अध्यक्षांचा फोन आला. तुम्ही माझ्या क्लबमध्ये का गेलात?"

"सांग, आमच्याकडं..."

"थांबा, बाबा. त्यांचं संपलं नाहीये." ती झुडपाकडं बघत सांगू लागली. "म्हणतायत, आयुष्यभर लोकांनी माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे ठरवलं. या वेळी मी स्वतः जाऊन, तोंडानं मागणार होतो. आता मागितलं तर शेजाऱ्याला पुढे पाठवून मागून येणारा म्हातारा दिसेन. क्लबमधले लोक तुम्हाला हसले."

"हसले? सांग त्याला की..."

"नाही सांगणार." सून म्हणून पाच वर्षांत ती पहिल्यांदा मला असं बोलली. "मी शनिवारी ऐकलं तेच चुकलं माझं."

मंगळवारी तो सायकलवरून गेला. मी खिडकीत होतो. तासाभरात परत आला, सायकल भिंतीला लावली, आत गेला. आठवड्यानं सूनबाईनं क्लबाच्या पानावर वाचलं की शेजारच्या गावचा एक माजी खेळाडू नवा कोच झाला. पुढं तिनं आमच्या कोचला रस्त्यात गाठून विचारलं. अध्यक्षानं बैठकीत सरळ विचारलं होतं, तुला राहायचंय का? हा म्हणाला, नाही, ती शेजाऱ्याची कल्पना होती. आणि मग उठला.

म्हणजे विचारलं होतं त्याला. नुसतं हो म्हणायचं होतं. ते हो मी आधीच वापरून टाकलं होतं.

तो कुंपणाकडं यायचा बंद झाला. मी बागेत बसायचो आणि तो पुढच्या दारी. मनात मी पुष्कळ भांडलो. म्हटलं, चांगुलपणा केला त्याची ही किंमत. म्हटलं, यांची माणसंच कोरडी. पंधरा दिवस असं म्हणत होतो, आणि एके दिवशी म्हणायचा कंटाळा आला. वयच झालं म्हणा. हट्ट धरायलाही अंगात जोर लागतो.

जुलैत सरकारनं सोडलेल्या खास विमानात माझी जागा लागली. मी सूनबाईला म्हटलं, त्याच्याकडं जाऊन येतो.

"असं दार वाजवू नका. मी वेळ मागते."

वेळ मिळाली सहा दिवसांनंतरची. गुरुवारी, साडेदहा. मधे झुडपं, आणि सहा दिवस! नेमका त्याच वेळी तिचा कॉल. तिनं मला इंग्रजीतलं एक वाक्य पाठ करून दिलं: आय मेड अ मिस्टेक. मी ते बागेत घोकत बसलो. तिनं हसू दाबलं, मला कळलं.

त्यानं दार उघडलं, बोटानं घड्याळ दाखवून मान हलवली. मी वेळेवर होतो. मागच्या बागेत दोन खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. बसायच्या आधीच मी वाक्य म्हणून टाकलं. पण ते म्हटलं आणि मला लाज वाटली, कारण ते माझ्या तोंडातून आल्यासारखं वाटेना. कुणाच्या तरी सदऱ्यात हात घातल्यासारखं झालं. म्हणून परत मराठीत म्हटलं, "चुकलो." बायको गेली तिलासुद्धा मी हे कधी म्हटलं नव्हतं.

त्याला मराठी कळायचं कारण नव्हतं. माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "येस."

बस्स. आमच्याकडं शत्रूसुद्धा म्हणाला असता, जाऊ द्या हो, मनावर घेऊ नका. मी त्याची वाट बघत उभा होतो. तो तसलं काही बोलला नाही. आत जाऊन कॉफी घेऊन आला, एक कप मधल्या टेबलावर ठेवून मागं सरकला, मग मी पुढं होऊन उचलला.

आम्ही बसलो. कॉफी संपली तरी तो उठ म्हणाला नाही आणि मीही उठलो नाही. पुढच्या हंगामात रविवारी, सामन्याच्या दिवशी, तो काय करणार, हे मला विचारायचं होतं. तेवढं इंग्रजी मला येत नव्हतं. मराठी त्याला कळत असती, तरी विचारलं असतं की नाही, सांगता येत नाही.